कापसीनं पाय आपटला

मधुकररावांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं : जनावर घरात नको. कुत्रं असो, मांजर असो, की टोपलीत मावणारे हे दोन ससे असोत, त्यांची जागा मागच्या अंगणात. नाचणगावात त्यांनी उभं आयुष्य किराण्याचं दुकान चालवलं होतं. तुरीच्या पोत्यावर मांजर पेंगताना दिसलं तरी त्यांचा अख्खा दिवस कुरकुरण्यात जायचा. दुकान बंद होऊन आता बराच काळ लोटला होता, पण स्वभाव काही दुकानाबरोबर बंद झाला नव्हता.

ससे आणले मयुरीनं. मधुकररावांच्या बायकोला, सुमित्राबाईंना, लकवा मारल्यापासून ही मुलगी सावंगीच्या वैद्यकीय कॉलेजातून दर आठवड्याला त्यांचा व्यायाम करून घ्यायला यायची. सुमित्राबाईंचं डावं अंग गेलं होतं. जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं आणि बोलण्यातला तिखटपणाही. रबरी चेंडू दाबा म्हटलं की त्या तो चांगल्या हातानं भिंतीवर मारत. एकदा मयुरीनं वसतिगृहातल्या मैत्रिणीचा ससा गमतीनं आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. सुमित्राबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उजव्या हातानं डावा हात उचलून त्यांनी तो सशाच्या पाठीवर नेऊन ठेवला. पुढच्या खेपेला मयुरी जोडीच घेऊन आली. पांढरी मादी, तिचं नाव पडलं कापसी. करडा नर, तो भुऱ्या.

मधुकररावांनी सुताराकडून लाकडी पिंजरा करून घेतला, वर धरायला कडी, चारी बाजूंना जाळी, आणि तो शेवग्याखाली ठेवला. दुपारी तासभर ससे आत यायचे, सुमित्राबाईंच्या पांघरुणावर उड्या मारायचे आणि ऊन कललं की परत बाहेर जायचे.

"रातभर बाहीर राह्यते बिचारे," सुमित्राबाई म्हणायच्या. "त्यायले भेव नसंन वाटत काय?"

"जनावरच हाय ते. जनावराले कायचं भेव?"

शेजारची कमला, जी सकाळी येऊन सुमित्राबाईंची अंघोळ आणि वेणीफणी करून द्यायची, ती मधुकररावांच्या बाजूनं होती. "काकाजी बराबर म्हणतात काकू. घरात ठेवलं तं मुताच्या वासानं तुमालेच मळमळंन."

दोघांविरुद्ध एक असं मत पडलं आणि ससे बाहेर राहिले.

भाद्रपदाच्या शेवटी एका संध्याकाळी मधुकरराव अंगणात गेले तेव्हा पिंजऱ्याची जाळी एका कोपऱ्यातून उचकटलेली होती. गावात एक बोका फिरायचा, कान फाटलेला, कुत्र्यांनाही न जुमानणारा. तो भिंतीवर बसून त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला पळायची घाई नव्हती. कापसी पिंजऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात स्वतःला दाबून बसली होती. भुऱ्या शेवग्याच्या बुंध्याशी होता, म्हणजे त्याच्यातलं जे उरलं होतं ते. मधुकररावांनी विळ्यानं खड्डा केला, ते पुरलं, हात धुतले आणि घरात आले.

"भुऱ्या पळून गेला वाटते," ते म्हणाले.

सुमित्राबाईंनी त्यांच्या पायजम्याकडे पाहिलं. गुडघ्याजवळ लाल डाग होता. रात्री जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी कमलानं भात पुढे केला तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मधुकरराव उठले, अंगणातून पिंजरा उचलून आणला आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. तेव्हा कुठे सुमित्राबाईंनी घास घेतला.

घर लांबट होतं. रस्त्याच्या बाजूला दुकानाची खोली, तिच्या मागे माल ठेवायची कोठी, कोठीच्या मागे मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि शेवटी अंगण. सुमित्राबाईंचा लोखंडी पलंग मधल्या खोलीत होता. कोठीचं दार त्याच खोलीत उघडायचं, म्हणजे उघडायचं तेव्हा. आता आत रिकाम्या पोत्यांची थप्पी, फुटके डबे, जुना काटा, असलं सगळं छतापर्यंत भरलेलं होतं. धर्मेंद्र, त्यांचा मुलगा, पुण्याहून आला की म्हणायचा, "बाबा, हे फेका एकदाचं." मधुकरराव "हो हो" म्हणायचे. दाराखालचा लाकडी पट्टा कुजून तिथे चार बोटांची फट पडली होती. तिकडेही त्यांचं लक्ष होतं आणि नव्हतंही.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. कापसी पिंजऱ्यात हरभरे खायची, सांडायची, पुन्हा शोधून खायची. सुमित्राबाई तिच्याशी जड जिभेनं तासन्‌तास बोलायच्या. वास यायचा, पण कमला म्हणाली होती तेवढा नाही.

मग सोयाबीन निघायला लागलं. गावाच्या कडेची शेतं एकामागोमाग मोकळी झाली. आणि एका संध्याकाळी मधुकरराव चहा पीत बसलेले असताना खोलीत आवाज झाला. *धप्प.*

त्यांना वाटलं काहीतरी पडलं. पुन्हा झाला. कापसीनं मागचा पाय पिंजऱ्याच्या फळीवर आपटला होता. ती ताठ उभी होती, कान सरळ, आणि कोठीच्या दाराकडे बघत होती. नाकही हलत नव्हतं.

"काय झालं वं कापसे?" सुमित्राबाई म्हणाल्या.

मधुकररावांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. खालची फट काळी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. वेळ कधी सकाळची, कधी दुपारची, पण ताठ होणं तेच, बघणं त्याच फटीकडे. मयुरी आली तेव्हा त्यांनी विचारलं. ती म्हणाली, ससे भ्यायले की असं करतात, जोडीदार गेल्यावर काही दिवस करतही असतील. धर्मेंद्र फोनवर हसला. "बाबा, एकटं राहून तुम्ही सशाच्या पायांचे अर्थ लावायला लागलात."

मधुकररावांनाही हसू आलं असतं, पण एका रात्री त्यांना कोठीतून खुडबुड ऐकू आली. उंदीर. हरभऱ्याच्या वासानं आले असणार. म्हणजे आपलं म्हणणं खरंच होतं, जनावर घरात आलं की त्याच्यामागे दुसरं जनावर येतं. सकाळी त्यांनी फटीत एक चिंधी कोंबली. संध्याकाळपर्यंत ती बाहेर पडलेली होती. त्यांनी पुन्हा कोंबली. दोन दिवसांनी मात्र खुडबुड एकाएकी बंद झाली. आणि याच गोष्टीचं त्यांना जास्त भय वाटलं. उंदीर आपणहून घर सोडत नाहीत, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. कापसी पाय आपटतच होती.

ते कोठीचं दार उघडून बघणार होते. रोज ठरवत होते. कडीला हात लावायचे आणि मग काहीतरी काम आठवायचं.

तो दिवस गुरुवार होता. पुलगावच्या औषधाच्या दुकानातून सुमित्राबाईंच्या गोळ्या आणून मधुकरराव दुपारी परतले. ऑक्टोबरचं ऊन होतं, वीज गेली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुढच्या दुकानाला कुलूप असल्यामुळे ते नेहमी बोळातून मागे येत. कमलाच्या घराला कुलूप होतं. सुमित्राबाईंना जेवू घालून ती बहिणीकडे देवळीला जाणार होती, तसं सांगून गेली होती. अंगणात शिरता शिरता त्यांना कुकरची शिटी होण्याआधी वाफ निघते तसा आवाज ऐकू आला. लांब, दमदार, मध्येच थांबून पुन्हा.

कमलाचा कुकर, असं त्यांच्या मनात आलं. स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकलं आणि मग ते कुलूप आठवलं.

आवाज आपल्या घरातून येत होता.

"अजी," आतून सुमित्राबाईंचा आवाज आला, इतका हळू की आधी तो त्यांना ऐकूच आला नाही. "चप्पल काढा. वाजवू नका."

त्यांनी चप्पल काढली. मधल्या खोलीच्या दारात येऊन थांबले. आत अंधुक होतं. सुमित्राबाई पाठीवर निजलेल्या होत्या, डोळे छताला लावलेले, मान अजिबात न हलवता.

"कापसीनं उठवलं मले," त्या म्हणाल्या. "खाल्ते हाय. पलंगाखाल्ते. तवापासून फुसफुस करून राह्यलं."

मधुकरराव वाकले. पलंगाच्या सावलीत, उशाच्या बाजूला, कोणीतरी दोराचं वेटोळं टाकून ठेवावं तसं काहीतरी होतं. जाड. तपकिरी. त्यावर साखळीसारखे गोल गोल ठिपके. वेटोळ्याच्या मधोमध चपटं तिकोनी डोकं. घोणस. गावात तिला परड म्हणत आणि हे नाव मुलांसमोर मोठ्यानं घेत नसत. शेतात परड चावून गेलेली माणसं मधुकररावांनी पाहिली होती. त्यांतल्या एकाला खांद्यावर घेऊन ते स्वतः गेले होते.

आणि त्या डोक्याच्या वर, जेमतेम वीतभर वर, सुमित्राबाईंचा डावा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. बोटं सैल, पाची. हिरव्या बांगड्या मनगटावर घसरून आलेल्या.

मधुकररावांचे पाय मागे सरले. त्यांनी सरकवले नव्हते, आपणहून सरले. ते अंगणात आले, शेवग्याला धरून उभे राहिले आणि ओकले. पळावं असं वाटलं. गल्लीत जाऊन ओरडावं, माणसं आली की आपण मागे उभं राहावं. पण माणसं आली की धावत येणार, पाय वाजणार, पलंग हलणार. त्यांनी फोन काढला.

पुलगावचा अश्वजित साप पकडायचा. त्याच्या वडिलांचा महिन्याचा किराणा मधुकररावांकडून जायचा, म्हणून नंबर होता. फोन उचलला गेला.

"काकाजी, मी आर्वीच्या रस्त्यावर हाव. निघालोच. तुमी जवळ जाऊ नका. कोनी हालू नका बिलकूल."

"तिचा हात खाल्ते लोंबून राह्यला रे."

"तं मग लवकरच येतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजानं मधुकररावांचा उरलासुरला धीर गेला.

ते पुन्हा दाराशी आले.

"अश्वजित येऊन राह्यला," ते कुजबुजले. "तू हालू नको."

"अजी, माहा डावा हात कुठी हाय?"

मधुकररावांनी त्या लोंबत्या हाताकडे पाहिलं.

"मले समजून नाई राह्यलं, वरते हाय का खाल्ते. सांगा ना."

"वरतेच हाय. पांघरुणावर."

सुमित्राबाई म्हणाल्या, "खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होते. लगनापासून होते."

त्यांनी उजवा हात छातीवरून डावीकडे न्यायला घेतला. पलंगाची स्प्रिंग किरकिरली. खालून फुत्कार आला, आधीपेक्षा मोठा, आणि वेटोळं आवळलं.

"नको! नको हालू!" मधुकररावांच्या तोंडून निघालं. त्यांना दिसलं की अंग वळलं तर हात झोका घेणार, आणि तो झोका त्या डोक्यावरून जाणार.

सुमित्राबाईंनी हात परत छातीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, पण हुंदका त्यांनी येऊ दिला नाही. हुंदक्यानंही पलंग हलतो, हे त्यांना कळलं होतं.

अश्वजित केव्हा येणार? रस्ता लांबचा. मधुकरराव वळले. अंगणात विटांवर दुकानाची एक जुनी फळी टाकलेली होती, दुकान बंद करताना खाचेत बसवायच्या फळ्यांपैकी, सागवानी. तिच्यावर कमला भांडी पालथी घालायची. त्यांनी भांडी एकेक करून मातीवर उतरवली. फळी उचलली. एरवी ती त्यांना उचलली नसती. मधल्या खोलीच्या दाराशी तांदळाचं पिंप होतं, पत्र्याचं, कमरेएवढं. फळीचं एक टोक त्यांनी त्याच्यावर टेकवलं आणि दुसरं हळूहळू पुढे सरकवत पलंगाच्या पायथ्याकडच्या लोखंडी दांड्यावर नेलं. लाकूड लोखंडाला लागलं तेव्हा बारीकसा आवाज झाला. खालून उत्तर आलं. ते थांबले. उत्तर संपलं. मग ते फळीवर चढले.

गुडघ्यांवर, तळव्यांवर, लहान मुलासारखे. फळी मध्ये वाकली. खाली फरशी होती आणि फरशीवर कापसीचा पिंजरा, त्यातून ती वर बघत होती. मधुकररावांनी खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. जमिनीवर पाय टाकायची ताकद त्यांच्यात नव्हती म्हणून तर ही फळी होती. आता वाटलं, फळी मोडली तर आपण नेमके परडीसमोर पडू.

ते पलंगावर उतरले तेव्हा स्प्रिंगा कुरकुरल्या आणि फुत्कार असा आला की त्याची हवा जणू गादीतून अंगाला लागली. ते दोघंही गोठल्यासारखे झाले. मग मधुकरराव बायकोच्या अंगावरून पुढे वाकले. आधी त्यांनी बांगड्या चिमटीत धरल्या, एकमेकींवर वाजू नयेत म्हणून. मग मनगट धरलं आणि हात वर ओढला. सरळ वर, झोका न देता. तो ओल्या पोत्याएवढा जड होता. बोटं कडेवरून वर आली आणि त्यांनी तो हात सुमित्राबाईंच्या पोटावर ठेवला, वर स्वतःचा हात दाबून धरला, जणू तो पुन्हा आपणहून खाली जाईल.

"आता वरते हाय," ते म्हणाले.

"आता आवाज बारीक नाई झाला," सुमित्राबाई म्हणाल्या.

दोघं पाय पोटाशी घेऊन बसले. म्हणजे ते बसले आणि तिचे पाय त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतले. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर गेला.

*धप्प.* कापसीनं पाय आपटला. पुन्हा. पुन्हा.

मधुकररावांनी कडेवरून डोकावून पाहिलं. वेटोळं सुटत होतं. डोकं सावलीतून बाहेर आलं होतं आणि सावकाश, आपलंच घर असल्यासारखं, पायथ्याकडे सरकत होतं. पिंजऱ्याकडे. भुऱ्यावेळी उचकटलेला जाळीचा कोपरा त्यांनी सुतळीनं बांधला होता. घट्ट बांधला होता की नाही, आता आठवेना.

"कापसीले वरते घ्या," सुमित्राबाई म्हणाल्या.

"नाई."

"अजी, ते मारंन तिले."

"मारू दे! सशासाठी मी हात खाल्ते घालू काय?" ते कुजबुजतच ओरडले. भीतीतून राग बाहेर आला. "मी सांगतलं होतं, बाहीर ठेवू म्हणून. बाहीर असती तं उंदरं आले नसते. उंदरं नसते तं हे आलं नसतं."

"बाहीर होता तं भुऱ्या वाचला काय?" सुमित्राबाईंची जीभ अडखळत होती, पण शब्द त्या सोडत नव्हत्या. "आन कापसी बाहीर असती तं मले आज कोन उठवलं असतं? मी हात हालवत, पानी मागत राह्यली असती. तुमी चप्पल वाजवत आले असते."

तेच झालं असतं. चप्पल वाजवत, "अवं, गोळ्या आनल्या" म्हणत ते थेट उशाशी आले असते.

पलंगाच्या दांड्याला सुमित्राबाईंची काठी अडकवलेली होती, वाकड्या मुठीची, मयुरीनं चालायच्या व्यायामासाठी आणलेली. मधुकररावांनी ती काढली. पालथे झाले, पायथ्याच्या दांड्यावरून खांदे बाहेर काढले आणि मूठ पिंजऱ्याच्या कडीत अडकवायला गेले. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा अडकली. त्यांनी ओढलं तसा पिंजरा फरशीवर खरखरला, आणि खालचं डोकं थांबलं, मागे गेलं, मान इंग्रजी एसच्या आकारात वळली. फुत्कार आता थांबतच नव्हता.

"हळू," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या हातानं नवऱ्याचा सदरा मागून पकडला होता.

मधुकररावांनी दोन्ही हातांनी काठी वर घेतली. पिंजरा सुटला, डोलला, आत कापसी एका बाजूला घसरली आणि पिंजरा तिरपा झाला. त्याच क्षणी खालून काहीतरी उडालं. त्यांना दिसलं नाही, फक्त पिंजऱ्याच्या बुडावर ओला फटका बसल्यासारखा आवाज झाला आणि काठीला हिसका बसला. तो हिसका त्यांच्या कोपरापर्यंत आला. त्यांनी डोळे मिटून ओढलं. पिंजरा दांड्यावर आपटला, मग गादीवर पडला. त्यांनी त्याच्यावर अंग टाकलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात तपासले. आधी एक, मग दुसरा. बोट न् बोट. पिंजऱ्याच्या बुडावर दोन ओले डाग होते. त्यांना हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"लागलं काय?" सुमित्राबाई विचारत होत्या. "अजी, बोला ना. लागलं काय?"

"नाई."

"खरं?"

"खरं."

घोणस परत वळली होती. ती भिंतीच्या कडेनं कोठीच्या दारापर्यंत गेली आणि त्या चार बोटांच्या फटीतून, एवढी जाड असून, थोडी थोडी करत आत गेली. शेपटी बराच वेळ बाहेर होती. मग तीही गेली. खोली रिकामी झाली, तरी कोणी पाय खाली सोडला नाही. अश्वजितची मोटरसायकल गल्लीत थांबली तेव्हा त्याला त्या पलंगावर नवरा, बायको आणि पिंजरा असे तिघंही एकमेकांना चिकटून बसलेले दिसले.

कोठीत शिरण्याआधी अश्वजितनं बूट नीट आवळले, बॅटरी तपासली, पुन्हा बूट आवळले. "मले बी भेव वाटते काकाजी, परडीचं," तो म्हणाला. "नागाचं एवढं नाई वाटत." आतून पोती ओढल्याचा, डबे घरंगळल्याचा आणि फुत्काराचा आवाज येत राहिला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीचं तोंड बांधलेलं होतं आणि शर्ट पाठीला चिकटला होता. पोत्यांच्या थप्पीमागे भिंतीला खिंडार होतं, तो म्हणाला, थेट बाजूच्या पडीक जागेत उघडणारं. उंदरांची बिळं तर विचारू नका. त्याला पाणी दिलं ते तो उभ्याउभ्या प्यायला आणि पिशवी घेऊन वनखात्याच्या माणसांना भेटायला गेला.

संध्याकाळी अर्धी गल्ली घरात होती. ज्याच्या त्याच्याकडे सल्ला होता. ससा बाहेर ठेवला असता तर हे झालं नसतं. ससा पाळायचाच कशाला. धर्मेंद्र फोनवर आता हसत नव्हता. "तो ससा आजच देऊन टाका बाबा. मी उद्या निघतो." देवळीहून परतलेली कमला दारातच मटकन बसली आणि रडायला लागली, मी गेलीच काऊन म्हणून. सुमित्राबाईंनाच तिची समजूत घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी मयुरी आली. तिनं सगळं ऐकलं आणि तिचं तोंड उतरलं. "मी नेते तिला परत," ती म्हणाली. "चूक माझीच आहे."

कापसी कालपासून काही खात नव्हती. कोपऱ्यात बसून नुसती धापत होती.

"ने बाई," सुमित्राबाई म्हणाल्या.

मधुकररावांनी चमकून बघितलं. त्यांना वाटलं होतं, आता भांडण होणार.

"काल यायचा हात खाल्ते होता," सुमित्राबाई नवऱ्याकडे बोट करून मयुरीला सांगत होत्या. "मी मागून पाहून राह्यली होती. मले ससा पायजे. पन एवढा नाई पायजे."

मयुरीनं टोपली उघडली. मधुकररावांनी तिच्या हातातली टोपली काढून घेतली, बंद केली आणि खिळ्याला टांगून ठेवली. मग बाहेर गेले आणि गवंडी शोधायला लागले.

कोठी रिकामी व्हायला आठवडा गेला. धर्मेंद्र आला तो आईला पुण्याला नेण्याच्या तयारीनं, आणि आल्या आल्या त्याच्या हातात बापानं घमेलं दिलं. पोती जाळली. फुटके डबे भंगारवाल्यानं नेले. प्रत्येक पोतं उचलताना मधुकरराव ते आधी काठीनं दूर ढकलायचे आणि हातभर मागे उडी मारायचे, इतकी की धर्मेंद्रला त्यांना धरावं लागायचं. खिंडार विटांनी बुजलं, बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं भरली. कोठी आणि दुकान यांच्यामधली भिंत गवंड्याच्या सल्ल्यानं पाडली आणि दोन्हींची मिळून एक मोठी, उजेडाची खोली झाली, गुळगुळीत फरशीची, कुठे एक फट नसलेली. सुमित्राबाईंचा पलंग तिथे आला. कापसीचा पिंजरा त्याच्याशेजारी एका उंच स्टुलावर, आणि हरभरे घट्ट झाकणाच्या बरणीत. पुण्याचं बोलणं सुमित्राबाईंनी एका वाक्यात संपवलं. "तिथं मले रस्ता दिसंन काय?"

कापसी तोवर खायला लागली होती.

आता दुकानाचं दार सकाळी उघडतं. येणारेजाणारे पलंगाकडे बघतात, थांबतात. जुनी गिऱ्हाइकं सुमित्राबाईंशी दोन शब्द बोलून जातात, शाळेतली पोरं सशाला बघायला गर्दी करतात.

मधुकररावांची भीती मात्र गेली नाही. सकाळी झोपेतून उठले की ते पाय खाली सोडण्याआधी वाकून बघतात. दिवसातून कितीदा तरी बॅटरी मारून पलंगाखालची कोरी फरशी तपासतात. कुठे कुकरची वाफ निघाली तरी त्यांच्या तोंडचा शब्द अर्धवट राहतो. कापसी अजूनही कधीतरी मध्येच कान ताठ करते, रस्त्यावरून कुत्रं गेलं की, नाहीतर काहीच कारण नसताना, आणि मग ते बोलणं टाकून उठतात. सुमित्राबाई त्यांना हसत नाहीत. त्या आपला डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतात आणि ते परत येईपर्यंत तिथेच धरून ठेवतात.

परवा एक जुनं गिऱ्हाईक दारात थांबलं. "काकाजी, दुकान उघडलं काय पुन्हा?"

मधुकरराव पलंगाखाली वाकलेले होते. उत्तर सुमित्राबाईंनी दिलं.

"उघडलं बाप्पा. पन इकाले काई नाई. बसाचं असंन तं बस."